पोरेस्नं मी देखसू

खानदेशात कानबाई देवी बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. रात्रभर बाया गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईची गाणी असतात, माहेरी आलेल्या लेकींनी झोक्यावर म्हणायची. ती वैशाखात. म्हणजे कानबाईच्या गाण्यांचा हंगाम पहिल्या सत्राच्या ऐन गर्दीत, आणि गौराईच्या गाण्यांचा विद्यापीठाच्या परीक्षांत अन् पेपर तपासणीत. मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते आणि या अहिराणी गाण्यांवर पीएच.डी. करायला जळगावच्या विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. गाणं ज्या रात्री म्हटलं जातं त्या रात्री त्या ओट्यावर हजर असावं लागतं. सुट्टीच्या दिवशी जाऊन ‘जरा म्हणून दाखवा’ म्हटलं तर बाया दोन ओळी म्हणतात आणि लाजून थांबतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिक्षक फेलोशिपचा अर्ज भर, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सुचवलं. तेव्हा अकरावी पंचवार्षिक योजना चालू होती, २००७ ते २०१२ ची. प्राध्यापकाला पगारी रजा, त्याच्या जागी पूर्णवेळ बदली शिक्षक, आणि त्या बदली शिक्षकाचा पगार आयोगाकडून. शहाणपणाची योजना होती. संशोधन करणाऱ्याचे तास कुणीतरी घ्यावे लागतात हे तिनं गृहीत धरलेलं होतं. माझा पहिला खर्डा वाचून सर म्हणाले, “विषय महत्त्वाचा आहे हे सगळेच लिहितात. तुला वर्ग सोडून का जावं लागतं ते लिही.” मग मी कॉलेजचं वेळापत्रक आणि सणांचं पंचांग एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी मांडलं. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराची गोष्ट सरांनीच मला सांगितली होती. प्रताप शेठजींनी १९१६ साली ते उभं केलं आणि देशभरातल्या अभ्यासकांना विद्यावेतन देऊन तिथं ठेवलं, टी. आर. व्ही. मूर्तींसारखे पुढे मोठे झालेले तत्त्वज्ञ तिथं राहून गेले. खानदेशात ही सोय इतकी आधी होऊन गेली होती, हे ऐकून मला अर्ज करायचा धीर आला.

अर्जासोबतची कागदपत्रं आमच्या हेडक्लार्क आप्पांनी जमवली. कॉलेज आयोगाच्या कायद्यातल्या २(फ) आणि १२(ब) कलमांखाली मान्य असल्याचा दाखला, कार्यभाराचा तक्ता, संस्थेचं ना हरकत पत्र, परत येऊन याच कॉलेजात नोकरी करीन असं माझं हमीपत्र. प्रत्येक प्रतीवर प्राचार्यांची सही आणि शिक्का आहे ना, हे ते बोट ठेवून पाहत. फाइल पुण्याला गणेशखिंडीतल्या आयोगाच्या विभागीय कार्यालयात जायची होती. आप्पांना नात्यातल्या लग्नाला पुण्याला जायचंच होतं. फाइल ते स्वतः घेऊन गेले आणि पोच आणून माझ्या हातात दिली.

मंजुरी आल्यावर माझ्या जागी जो मुलगा आला तो सेट झालेला होता, शिरपूर तालुक्यातला. पहिल्याच दिवशी स्टाफरूमच्या दारात तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही बिनघोर जा, पोरेस्नं मी देखसू.” आणि त्यानं खरंच बघितलं. तास तर घेतलेच, शिवाय वाङ्मय मंडळ चालवलं, एन.एस.एस.च्या शिबिराला गेला. यातलं त्याच्या नेमणुकीच्या पत्रात काही नव्हतं. बी.ए.च्या वर्गात तो विचारायचा, कुणाकडे कानबाई बसते, कुणाची आजी गाते? मुलं गावांची नावं सांगायची, तो ती कागदावर उतरवून मला पाठवायचा. माझ्या प्रबंधातल्या गाणाऱ्या बायांपैकी निम्म्या तरी त्या कागदांवरून मला सापडल्या. एका श्रावणात मी त्याच्याच घरी मुक्काम केला. त्याची माय पहाटेपर्यंत गात होती, शेजारच्या बाया झेलत होत्या, आणि त्या रात्रीशिवाय माझं चौथं प्रकरण झालंच नसतं. कानबाईचे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेरच्याला देत नाहीत. त्याच्या मायनं माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक केला आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

मी परत रुजू झाले त्या दिवशी त्याची नेमणूक संपली. नियम तसाच होता. पुढे बरीच वर्षं तो तासिका तत्त्वावर शिकवत राहिला, या कॉलेजात चार तास, त्या कॉलेजात सहा. ज्या रजेवर माझा प्रबंध झाला ती रजा कायम नोकरीवाल्यालाच मिळायची. बदली शिक्षकाच्या पगाराची सोय करणाऱ्यांनी त्याच्या स्वतःच्या अभ्यासाचीही सोय करायला हवी होती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी त्याचं नाव सर्वांच्या आधी घातलं. सरांनी ते पान वाचलं आणि मान डोलावली. पण छापलेल्या नावानं त्याचं काय भागणार?

आता तो आमच्याच विभागात तासिकेवर आहे आणि त्यानं पीएच.डी.ला नाव नोंदवलं आहे. विषय मोडी कागदपत्रांतल्या मराठीचा, त्यामुळे धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळात बसल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. विभागाचं वेळापत्रक मी करते. त्याचे सगळे तास मी सकाळच्या पाळीत लावलेत, एकही कमी न करता, कारण तास कमी झाला की मानधन कमी होतं. दुपारचे नको असलेले तास मी माझ्याकडे घेतलेत. अकरा वाजता तो कॉलेजातून निघतो आणि मंडळात जाऊन बसतो.