आयांचा वर्ग

मिझोराममध्ये प्रेसबिटेरियन चर्चची रविवारची शाळा फक्त मुलांसाठी नसते. वयाप्रमाणे गट असतात, आणि आजी-आजोबांच्या वयाची माणसंही त्यांत शिकायला बसतात. शिवाय बायकांचं मंडळ वेगळं, तरुणांचं वेगळं.

ही रीत वेल्समधली. अठराव्या शतकाच्या अखेरीस थॉमस चार्ल्स यांनी तिथे अशा शाळा वाढवल्या. मुलं आणि मोठी माणसं दोघंही त्यांत वाचायला शिकत. मिझो भाषेला १८९४ नंतर मिशनऱ्यांनी रोमन लिपी दिली, आणि २०११च्या जनगणनेत तिथली साक्षरता ९१ टक्क्यांवर होती. सगळं श्रेय चर्चचं असं मी म्हणणार नाही, पण मोठ्या माणसाला पुस्तक घेऊन बसायची लाज वाटत नाही, हे काही थोडं नाही.

आपल्याकडे पोरगं मक्तबमध्ये कायदा संपवतं, कुरआन एकदा पूर्ण करतं, मिठाई वाटली जाते आणि शिकणं संपतं. बापाला निदान जुम्याचा खुतबा तरी मिळतो (त्यात प्रश्न विचारता येत नाही, ते सोडा). आईला बहुतेक ठिकाणी तोही नाही. वास्तविक मस्जिद-ए-नबवीतल्या सुफ्फ्यावर शिकणारे मोठेच होते.

माझ्या वर्गातल्या काही आया प्रगतिपुस्तकावर सही करतात, पण वर काय लिहिलंय ते मलाच विचारतात. उर्दूही नाही, मराठीही नाही.

मोहल्ल्यातल्या मदरशाची खोली जोहरनंतर असरपर्यंत रिकामी असते. फळा आहे, पंखा आहे. तीच मी कमिटीकडे मागितली आहे, आठवड्यातून दोन दिवस. "या वयात त्या काय शिकणार?" एका बुजुर्गांनी विचारलं. मी मिझोरामचं सांगितलं. पुढच्या बैठकीत बघू, म्हणाले.