स्वतःच्याच यंत्रावरचे नाव

हस्तलिखित आणि प्रकाशित ग्रंथ यांच्यामध्ये मुद्रितशोधनाचा एक एकांत असतो. मजकूर जुळविलेला असतो, परंतु वाचकांच्या स्वाधीन झालेला नसतो. संकेतस्थळालाही असा एकांत देता येतो, हे आम्हां दोघा मराठीच्या अध्यापकांना वालूरमुळे उमगले.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हे गाव चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखले जाते. विद्यार्थ्यांनी टिपलेली बारवांची माहिती संकेतस्थळावर मांडावयाची, परंतु गावातील जाणत्यांनी पाहिल्याखेरीज ती जगापुढे न्यावयाची नाही, असे आम्ही ठरविले. त्यासाठी आपल्याच संगणकावर अपाची हा सर्व्हर बसविला.

असे स्थळ 'लोकलहोस्ट' या नावाने उघडते. त्याचा पत्ता १२७.०.०.१, म्हणजे यंत्राने स्वतःलाच घातलेली साद. मात्र हे नाव पानांतील दुव्यांत राहून गेले, तर पुढे प्रत्येक वाचक त्याच्या स्वतःच्याच यंत्राकडे पाठविला जातो. म्हणून तपासणी खऱ्या नावानेच करावी लागते. संगणकातील 'होस्ट्स' या फाइलीत त्या पत्त्यापुढे नियोजित डोमेन लिहिले, की ते नाव बाहेर न जाता घरीच पोचते. अपाचीला 'व्हर्च्युअल होस्ट' म्हणून तेच नाव सांगितले, की तो त्या नावाचा फोल्डर उघडतो. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, तसे. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन-नावांची व्यवस्था मांडली. तोवर आर्पानेटवरील सर्व यंत्रांची नावे अशाच एका फाइलीत नोंदविली जात.

२०१४ पासून 'डॉट भारत' हे डोमेन देवनागरीतही मिळते. परंतु होस्ट्स फाइलीत ते नाव रोमन अक्षरांतील सांकेतिक रूपात लिहावे लागते. पडद्यावर मराठी, प्रवासात रोमन. भाषेच्या अभ्यासकाने हे वेषांतर ओळखून असावे.

या व्यवस्थेला इंटरनेट लागत नाही. त्यामुळे स्थळ त्याच्या खऱ्या नावानिशी थेट बारवेच्या काठावर उघडता येते आणि ज्यांचे गाव, त्यांना पहिले वाचक होता येते. उच्चार, पायऱ्यांची मोजणी, आठवणी यांची दुरुस्ती तेथेच होते.

शेवटी, स्थळ प्रकाशित झाल्यावर होस्ट्समधील ती ओळ पुसावी लागते. ती राहिली, तर जगाला काहीही दिसो, आपल्याला आपली घरची प्रतच दिसत राहते. लेखकाला आणि समीक्षकालाही हा नियम लागू पडावा, असे आम्हांस वाटते.