दाखल्यावरची सही

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही करताना माझा हात जड होतो. एका जूनमध्ये एक वडील चौथीत गेलेल्या मुलाला घेऊन आले. त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालायचं होतं. मी मातृभाषेचं महत्त्व सांगू लागलो. ते शांतपणे म्हणाले, "सर, मीही इथंच शिकलो. शाळेबद्दल तक्रार नाही. पण याला अजून हातच्याची बेरीज येत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सही केली.

एक दाखला गेला की काय जातं, हे मुख्याध्यापकाला पक्कं ठाऊक असतं. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, होते. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीच्या 60 मुलांना दोन शिक्षक. तिसरा मिळतो तो एकसष्टाव्या मुलामुळे. मुख्याध्यापकाचं वेगळं पदही 150च्या वर पट असेल तरच. तेव्हा एका मुलाच्या जाण्यानं एखादा सहकारी अतिरिक्त ठरू शकतो. ही भीती खरी आहे, आणि तिच्यापायी मी कित्येक मे महिने वस्त्यांवर दारोदार फिरलो. फ्लेक्स लावले, स्नेहसंमेलनं दणक्यात केली.

त्यातून चांगलंही झालं. स्वच्छतागृहं दुरुस्त झाली, वर्ग रंगले, पालकांच्या ओट्यावर बसून त्यांचं ऐकायची सवय मला लागली. पटासाठीची ही स्पर्धा नसती तर हे झालं नसतं. पण या सगळ्या वर्षांत शिकवण्याबद्दल मी नवं काही शिकलो नव्हतो. पाठनिरीक्षण म्हणजे दहा मिनिटं वर्गात उभं राहून लॉगबुकात दोन ओळी लिहिणं, एवढंच उरलं होतं.

त्या दाखल्यानंतर मी रोज एक तास एकेका वर्गात मागे जाऊन बसू लागलो. वही नाही, शेरा नाही. तिसरीत 27 अधिक 15 चाललं होतं. माझ्या शेजारच्या मुलीनं सात आणि पाच बारा केले, दोन आणि एक तीन केले, आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडून 312 लिहिले. तिची बेरीज चुकली नव्हती. बारा एककांत एक दशक दडलेला आहे, हे तिला कुणी हाताळायला दिलं नव्हतं. बाई मनापासून शिकवत होत्या, पण फळ्यावर. ते मला वर्षानुवर्षं दिसलं नव्हतं, कारण मी तिथं बसलोच नव्हतो.

यावर तोडगा मिळाला तो केंद्राच्या शिक्षण परिषदेत, शेजारच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापक बाईंकडून. आम्ही दोघं एकाच वस्तीतल्या मुलांसाठी धडपडणारे. आमच्या उपक्रमांची माहिती मी त्यांच्यापासून राखूनच ठेवायचो. मी त्यांना 312 ची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "उद्या या ना सर, आमच्या वर्गात बसा." गेलो. मुलं काड्या मोजत होती, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा करत होती आणि तो उचलून दशकाच्या घरात ठेवत होती. हातचा त्यांच्या खरोखर हातात होता. पुढच्या आठवड्यात आमच्या बाई तिथं जाऊन आल्या, मग त्यांचे शिक्षक आमच्याकडे भाषेचा तास बघायला आले.

पटाची ओढाताण अजून संपलेली नाही, मे महिन्यात आम्ही दोघंही वस्तीवर फिरतोच. पण आता मला एवढं कळलंय की स्पर्धेनं मुख्याध्यापकाला जाग येते. शिकायचं मात्र वर्गात बसून आणि दुसऱ्या मुख्याध्यापकाकडून. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांना हीच विनंती आहे: या आठवड्यात एक तास आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसा, आणि एक तास शेजारच्या शाळेत.