दोघांची होडी

गेल्या हिवाळ्यात दोन महिने माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी एक वही पडून होती. तीत होड्यांची लांबी, रुंदी, भारक्षमता आणि किमती मांडलेल्या होत्या. मराठीच्या प्राध्यापकाने हवा भरून फुगवायच्या दोन आसनी कायाकचा इतका अभ्यास करावा, याचे सहकाऱ्यांना हसू येई. ते स्वाभाविकच होते. मला धड पोहताही येत नाही.

कारण आईचे होते. तिचे माहेर भीमेकाठचे. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि जी गावे पाण्याखाली गेली, त्यांतले ते एक. पाणी फार उतरलेल्या उन्हाळ्यात पळसदेवचे जुने देऊळ वर येते, तेव्हा ते पाहायला लोक लोटतात. आई कधी गेली नाही. दिवाळीत मात्र सहज म्हणाली, ‘‘इंजिनाच्या आवाजाशिवाय एकदा त्या पाण्यावर बसावंसं वाटतं रे.’’

प्राध्यापकाच्या खिशाला परवडतील अशा होड्यांत अखेर दोनच उरल्या. इंटेक्स कंपनीची चॅलेंजर के-२ ही ३५१ सेंटिमीटर लांब आणि ७६ रुंद. एक्सप्लोरर के-२ ही ३१२ लांब आणि ९१ रुंद. दोहोंची भारक्षमता १८० किलो. लांब, अरुंद होडी सरळ आणि वेगाने जाते. आखूड, रुंद होडी रेंगाळते, पण डुलते कमी. आम्हांला कोठेही लवकर पोहोचायचे नव्हते. माझे ७४ आणि आईचे ४८ मिळून १२२ किलो होत होते. क्षमतेच्या आकड्याला टेकेपर्यंत भार घालू नये, हेही कळले होते. तळाला माशाच्या परासारखी पट्टी असली की होडी भोवंडत नाही. हवेचे कप्पे वेगवेगळे असले की एक फुटला तरी दुसरा तारतो. एक्सप्लोरर ठरली.

आणि मग मी थांबलो. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी याच पाण्यात सोसाट्याच्या वाऱ्याने उलटली. सहा माणसे गेली. ‘शांत पाण्यासाठी, नवशिक्यांसाठी’ असे वर्णन मी इतके दिवस निर्धास्तपणे वाचत होतो. पण पाणी शांत असते ते वारा नसतो तोवर. त्यात फुगवलेली होडी पाण्यात रुतत नाही, वरवर तरंगते. वारा तिला पानासारखी ढकलतो. माझ्या यादीत लाइफ जॅकेट शेवटच्या ओळीत होते, ‘पैसे उरल्यास’ या सदरात. ती ओळ मी वर नेली. चांगली जॅकेटे आधी घेतली, होडी नंतर. उन्हाळा वर्ज्य केला, कारण वळीव सांगून येत नाही. पल्लाही ठरवला: काठालगत, कंबरभर पाणी असेल तेथपर्यंत.

सराव पत्नीबरोबर केला. पुढच्याने लय धरायची, मागच्याने ती पाहून वल्हे मारायचे आणि दिशा सांभाळायची, एवढाच नियम. पण पहिल्या सकाळी आमची वल्ही एकमेकांवर खटाखट आपटली. ‘‘तुम्ही वर्गात शिकवता तसं मागून सांगू नका,’’ ती म्हणाली. गप्प बसल्यावर होडी सरळ चालली.

जानेवारीतल्या एका बिनवाऱ्याच्या सकाळी आईला पुढे बसवले. ओळखीचे दोन मच्छीमार पाण्यात उभे होते. पत्नी काठावर. आईने वल्हे घेतले नाही. नुसता हात पाण्यात सोडला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटले, घर कोठे असेल याचा अंदाज घेत असावी.

‘‘नदीला आवाज होता,’’ ती म्हणाली. ‘‘रात्री अंथरुणात पडलं तरी ऐकू यायचा. हे पाणी बोलतच नाही.’’

जे शांत पाणी मी दोन महिने शोधत होतो, ते तिच्या लेखी मुके झालेले पाणी होते. यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. आणखी आत जायचे का, असे विचारले. ती ‘‘नको, पुरे’’ म्हणाली. मी होडी वळवली.

होडी सध्या माळ्यावर आहे; धुऊन, वाळवून, घडी करून. पैसे वाया गेले का, असे पत्नीने एकदा विचारले. आईनेच परस्पर उत्तर दिले, ‘‘पुढच्या थंडीत परत जाऊ.’’