नेरळची छोटी गाडी

डॉक्टरांनी अब्बांना महिनाभर हवापालट सांगितला होता. अब्बांनी तीन दिवस जमवले.

हे आम्हा चौघा भावंडांना पुष्कळ वर्षांनी कळले. तेव्हा, म्हणजे १९७९ च्या मे महिन्यात, एवढेच ठाऊक होते की अब्बा माथेरानला नेणार आहेत. भिवंडीत यंत्रमागाच्या खोलीत दिवसाचे बारा तास कापसाची धूळ नाकातोंडात जाई आणि रात्री अब्बांचा खोकला भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही जागे करी. आम्हाला त्या खोकल्याची सवय झाली होती.

फजरनंतर लगेच निघालो. एस. टी. ने कल्याण, तिथून कर्जत लोकलने नेरळ. अम्मीने बाजरीच्या भाकऱ्या, सुकी चटणी आणि उकडलेली अंडी बांधून घेतली होती. दादीजानच्या पिशवीत तसबीह, पानाचा डबा आणि आमच्या लहान बहिणीसाठी लिंबू, कारण तिला गाडी लागायची.

नेरळला मोठ्या गाडीतून उतरून समोरची गाडी पाहिली आणि आम्ही हसलोच. दोन फूट रुंदीचे रूळ! डबे एवढे अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत. धाकटा म्हणाला, "अब्बा, ही खेळण्यातली आहे का?"

उत्तर दादीजानने दिले. "खेळण्यातली कशी? आदमजी पीरभॉयांच्या घराण्याने बांधली आहे. आपल्यातलेच होते ते."

तिचे खरे होते. मुंबईचे बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात ही वाट डोंगरावर चढवली. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे! धाकट्याने मात्र त्यातून एवढाच अर्थ काढला की गाडी आपली आहे, तेव्हा तिकीट कशाला काढले. त्यावर अब्बा हसले आणि हसता हसता खोकू लागले. अम्मीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

वीस किलोमीटरची वाट, पण गाडीला दोन तास लागत. चढण कठीण म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत जातात. एखाद्या वळणावर आपल्याच गाडीचे शेपूट दिसते. जुम्मापट्टीला गाडी थांबली तेव्हा पोरे करवंदांचे द्रोण घेऊन आली. पुढे वॉटर पाइप. हे स्टेशनाचे नाव आहे यावर आमचा विश्वास बसेना. मग वाटेवरचा एकुलता एक बोगदा आला. आम्ही ओरडायला तोंड उघडले तोवर तो संपलासुद्धा.

वर पोचल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. माथेरानात मोटारींना बंदी. माणसे ओढत असलेल्या रिक्षा मात्र होत्या. दादीजानला त्यात बसवायचे ठरले, पण ती ऐकेना. "माणसाने ओढायचे आणि मी पान खात बसायचे? चालेन मी." ती चालली, दर पन्नास पावलांवर थांबत. तिच्या निमित्ताने अब्बाही थांबत. कोण कोणासाठी थांबत होते, ते आज सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी लुईझा पॉइंटजवळच्या झाडीत अब्बांनी जोहरची नमाज पढली. समोर प्रबळगड. जमीन तांबडी, सगळीकडे तांबडीच. सजद्यातून उठले तेव्हा कपाळाला माती लागलेली. त्या रात्री आमच्या खोलीत कोणी खोकले नाही. अम्मी दोनदा उठून बसल्याचे मोठ्या बहिणीला आठवते; श्वास चालू आहे ना, हे बघायला.

तिसऱ्या दिवशी उतरलो, आणि चौथ्या दिवशी अब्बा पुन्हा मागावर. त्यानंतर सहा वर्षे ते आमच्यात होते.

२००५ च्या जुलैतल्या पावसाने ही रेल्वे वाहून नेली आणि २००७ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यानंतर आम्ही अम्मीला घेऊन गेलो. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत नेता आले असते. तिने साफ नकार दिला. नेरळलाच उतरायचे, त्याच गाडीत बसायचे. खिडकीची जागा तिला दिली, तर तिने ती रिकामी ठेवली आणि पलीकडे बसली. अब्बांची ती जानमाज पिशवीत होती. तांबडा डाग कितीही धुतला तरी गेला नव्हता. जुम्मापट्टीला तिने करवंदे घेतली आणि द्रोण त्या रिकाम्या जागेवर ठेवला.