वरचे राहू दे

पाच पैशांचं एक चौकोनी नाणं मी पन्नासहून अधिक वर्षं सांभाळलं आहे. अॅल्युमिनियमचं, कोपरे गोल, तळहातावर ठेवलं तर वजनही जाणवत नाही. 30 जून 2011 नंतर चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी व्यवहारातून गेली, तेव्हा घरातल्या डब्यातली चिल्लर नातवंडांना खेळायला देऊन टाकली. हे मात्र ठेवलं.

ते मिळालं 1972 च्या दुष्काळात. आमच्या कासुर्डीच्या विहिरींनी तळ गाठला होता, वडील रोज खडी फोडायला जात. मी बारा वर्षांचा. शाळा सुटली की सोलापूर रस्त्यावर फाट्याजवळच्या चहाच्या हॉटेलात कामाला जायचो. हॉटेल म्हणजे चार मेढी, वर पत्रे, दोन बाकडी आणि सतत धुमसणारी भट्टी. कपबश्या विसळायच्या, बाकड्यावर फडकं मारायचं, ट्रक थांबला की केबिनपर्यंत चहा पोचवायचा. महिन्याला दहा रुपये, ते परस्पर वडिलांच्या हातात. मला रोज संध्याकाळी उरलेली भजी. तिथं मला नाव नव्हतं. मालक, गिऱ्हाईक, शेजारचा पंक्चरवाला, सगळे 'ए बारक्या' म्हणायचे.

एका रात्री सोलापूरकडून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं चहा घेऊन चार आणे दिले. चहा वीस पैशांना होता. मी पाच पैसे आणायला वळलो तर तो वरून म्हणाला, "ऱ्हाऊ दे वरचे. नाव काय रं तुझं?" मी नाव सांगितलं. त्यानं ते एकदा मोठ्यानं उच्चारलं, गिअर टाकला आणि गेला. गिऱ्हाइकानं वर दिलेलं सगळं गल्ल्यात टाकायचं असा मालकाचा दंडक होता. मी चार आणे गल्ल्यात टाकले, त्यातून पाच पैशांचं नाणं काढलं आणि चड्डीच्या नाडीत गाठ मारून ठेवलं. मालकाला कळेल या भीतीपायी ते दुकानात खर्चायची हिंमत झाली नाही. म्हणून ते नाणं उरलं.

त्याआधी 'वरचे' मी पाहिलं होतं ते खळ्यावर. बाजरीची रास झाली की सुतार, लोहार, न्हावी, कुंभार आपापलं बलुतं न्यायला येत. वडील पायलीनं माप घालत आणि माप संपलं की दोन्ही हातांची एक ओंजळ वर टाकत. त्या ओंजळीला हिशेब नव्हता. पायली हा सुताराचा हक्क होता, ती चुकली असती तर तो भांडला असता, आणि त्याचं भांडण गावानं रास्त मानलं असतं. ओंजळ कमी पडली तर कोणी काही बोलत नसे. हक्क आणि खुशी यांतला फरक मला कोणी शिकवला नाही, तो त्या खळ्यावर डोळ्यांना दिसला.

पण खळ्याची ही आठवण मी गोड करून सांगितली तर ते अर्धं सांगणं होईल. ज्यांना रास उचलून झाल्यावर, लांब उभं राहून, झाडलोटीचं मागून घ्यावं लागे, ती माणसंही याच गावगाड्यात होती. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं, ते यासाठीच. महार वतनदार राबायचा सरकारसाठी. सारावसुलीची बोलावणी, टपाल, साहेबाची सरबराई, रात्रंदिवस. आणि पोटाला मात्र रयतेच्या दारोदार बलुतं मागायचं. काम एकाचं आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर. ज्याचं काम त्यानं रोख पगार द्यावा, एवढी साधी मागणी होती. ते बिल तेव्हा पार पडलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. शिक्षक झाल्यावर मी हे वाचलं तेव्हा वडिलांच्या ओंजळीकडे पुन्हा नव्यानं पाहिलं. ती ओंजळ शोभत होती, कारण तिच्याखाली पायली भरलेली होती.

2017 मध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत गेलो. टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या अर्व्हिंगला. एका दुपारी तो आम्हाला बाहेर जेवायला घेऊन गेला. वाढायला साठीची एक बाई होती, केस पिकलेले, मनगटाला पट्टा बांधलेला. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर ती दोनदा आत जाऊन विचारून आली. माझ्या बायकोला थंड पाणी चालत नाही हे तिनं न सांगता ओळखलं आणि गरम पाण्याचा कप आणून ठेवला. जेवण झाल्यावर मुलाला फोन आला, तो बाहेर गेला. मी ठरवलं, आज बिल मी द्यायचं. बासष्ट डॉलर आणि काही सेंट झाले होते. मी त्रेसष्ट डॉलर मोजून त्या काळ्या पाकिटात ठेवले, वरचे राहू दे असं हातानं खुणावलं आणि समाधानानं उठलो. बाईनं पाकीट उघडून पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "काही चुकलं का माझं?"

तेवढं इंग्रजी मला कळत होतं. पण तिनं असं का विचारावं हे कळत नव्हतं. मुलगा परत आला, त्यानं पाकिटाकडे पाहिलं आणि घाईघाईनं बारा डॉलर काढून ठेवले. गाडीत बसल्यावर त्यानं सांगितलं. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला किमान 2 डॉलर 13 सेंट द्यावेत, असा तिथला केंद्रीय कायदा आहे. हा आकडा 1991 पासून हललेला नाही. टेक्साससारख्या राज्यांत तोच चालतो. किमान वेतन आहे तासाला सव्वासात डॉलर. मधली दरी टिपेनं भरायची, नाही भरली तर मालकानं भरून द्यायची असं कायदा म्हणतो, पण भरते ती गिऱ्हाइकाच्याच खिशातून. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत हे चालत नाही, तिथं टिप सोडून पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. म्हणून मुलगा म्हणाला, "बाबा, इथं टिप म्हणजे वरचे नाहीत. तोच तिचा पगार आहे."

मला रात्री झोप लागली नाही. सेंटांच्या वर थोडं ठेवून मी उदार झालो होतो आणि त्या बाईची दुपारची मजुरी बुडवत होतो. नाडीत नाणं बांधून ठेवलेल्या पोरानं हे करावं!

पुढच्या काही दिवसांत अर्व्हिंगच्या वाचनालयात बसून मी या चालीचा माग काढला. तिथं यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना कामं हवी होती, आणि जॉर्ज पुलमन नावाच्या उद्योजकाला आपल्या झोपण्याच्या रेल्वे डब्यांसाठी नोकर हवे होते. त्यानं हजारोंनी काळे पोर्टर ठेवले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवाशांच्या मर्जीवर. प्रवासी त्या प्रत्येकाला 'जॉर्ज' म्हणत, मालकाच्या नावानं, जसं पूर्वी गुलामाला धन्याच्या नावानं हाक मारत. ते वाचताना माझ्या कानात 'ए बारक्या' वाजलं. 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकारानं या पोर्टरांची संघटना उभी राहिली आणि बारा वर्षं झगडून 1937 मध्ये तिनं कंपनीकडून करार लिहून घेतला. त्यांची मागणी हीच होती की जगण्यापुरता पगार द्या, बक्षिशीवर जगायला लावू नका. कोणत्या गावची माणसं, कोणत्या गावचा गाडा, पण बाबासाहेबांचं 1928 चं बिल आणि ही मागणी मला एकाच खळ्यावरची वाटली.

'बक्षीस' हा आपला शब्द फारसीतून आला. आपण तो शाळेतल्या पहिल्या नंबराला देऊन टाकला, पण इजिप्त आणि तुर्कस्तानात तोच शब्द अजून टिपेला वापरतात. जर्मनीत टिपेला जो शब्द आहे त्याचा अर्थ पिण्याचे पैसे, फ्रेंचांचंही तेच. आपलं 'चहापाणी' त्याच घरातलं. सगळीकडे त्या पैशाला काहीतरी लहानसं, तोंडदेखलं नाव दिलेलं आहे. पोट भरायचे पैसे असं कोणी म्हणत नाही.

आणि हे सगळं फक्त परदेशात घडतं असं समजायचं कारण नाही. आमच्या दौंड तालुक्यात ऊस आणि गुऱ्हाळं. तोडणीच्या हंगामात बीड, नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, आणि त्या कोयत्यानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते. थंडीत पहाटे फडात उतरायचं, पाचटानं अंग कापून घ्यायचं, मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवायच्या आणि टनावर जे पडेल ते उचलीत वळतं व्हायचं. म्हणून टोळी शेतकऱ्याकडे 'खुशाली' मागते, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर 'एंट्री' मागतो. माझा पुतण्या गेल्या हंगामात चिडून म्हणाला, "खुशाली आमच्या खुशीनं द्यायची का ह्यांच्या?" ऊस वाळत होता, त्याचंही चुकत नव्हतं. पण बांधावर तो आणि ती कोयतेवाली बाई एकमेकांवर आवाज चढवत होते, तेव्हा दर ठरवणारं तिथं कोणीच नव्हतं. अर्व्हिंगच्या त्या टेबलाशीही मी होतो आणि ती बाई होती. तिचा तासाचा आकडा ठरवणारे तिथंही नव्हते. मूळचे कमी पडले की वरच्यांवरून दोन गरजू माणसं भांडतात. मला याचा संताप येतो, आणि तो वयाबरोबर कमी होत नाही.

वर देण्याची एक रीत मात्र मी लहानपणापासून पाहतो आहे, तिच्यात हा काच नाही. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला जाते ती आमच्या फाट्यावरून. त्या दिवशी गाव रस्त्यावर येतं. कोणी चहा देतं, कोणी केळी, यवतला पिठलं-भाकरीचा डोंगर. चहा पिऊन वारकरी कप खाली ठेवतो आणि देणारा वाकून त्याच्या पाया पडतो. वारकरीही उलटा वाकतो. देणारा वर आणि घेणारा खाली, असं तिथं होत नाही.

परवा गावातला एक तरुण द्राक्षबागाईतदार घरी आला. शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्याबरोबर नेदरलँड्स आणि जर्मनीला चालला होता. म्हणाला, "गुरुजी, तिकडं हॉटेलात किती द्यायचं असतंय?" मी त्याला कागदावर लिहून दिलं. तिथं वाढप्याला नीट पगार असतो आणि तो बिलात धरलेला असतो, तेव्हा आकडा थोडा वर नेऊन पूर्ण केला तरी पुरे. जर्मनीत पैसे टेबलावर सोडून उठायचं नाही, देतानाच एकूण किती घ्यायचे ते सांगायचं. पुढं कधी जपानला गेलास तर काहीच ठेवू नकोस, पैसे विसरलात म्हणून पोरगं मागं पळत येईल. इजिप्तला सुटे जवळ ठेव. अमेरिकेत अठरा ते वीस टक्के, आणि ते दान म्हणून नाही, देणं म्हणून द्यायचं. दौऱ्याच्या बसड्रायव्हरसाठी आधीच वर्गणी काढली असेल तर ती त्याच्यापर्यंत पोचली का, हे शेवटच्या दिवशी बघ.

मग आम्ही फाट्यावर चहाला गेलो. रस्ता आता चौपदरी, हॉटेलं काचेची. आमच्या गावच्या नावाचा टोलनाका झाला तेव्हा लांब लांबच्या ड्रायव्हरांना कासुर्डी तोंडपाठ झालं होतं. चहा आणून देणारा विशीचा मुलगा होता, हिंदी बोलणारा. बागाईतदारानं भिंतीवरचा चौकोन मोबाईलनं टिपला, चाळीस रुपये बरोबर मालकाच्या खात्यात गेले, खोक्यातून बाईचा आवाज आला. सुटे नाहीत, वरचेही नाहीत. तो मुलगा कपबश्या उचलून फडकं मारत होता. हल्ली मी सदऱ्याच्या खिशात दहाच्या नोटा घडी करून ठेवतो. एक त्याच्या हातात दिली आणि नाव विचारलं.

त्यानं आधी गल्ल्याकडे पाहिलं. मग नोट मुठीत मिटली आणि नाव सांगितलं.