वाट पाहता पाहता महेश्वर

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्यांना महेश्वर नवीन नसतं. पाहुणे आले की एक दिवस राजवाडा-सराफा आणि दुसऱ्या दिवशी महेश्वर, हा आपल्याकडचा ठरलेला पाहुणचार. मीही आठ-दहा वेळा गेले असेन. पण दिवाळीनंतरच्या त्या शनिवारी गेले, ती फोनपासून पळून.

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिप करावी लागते आणि तिच्या मुलाखती दिवाळीच्या आगेमागे होतात. मी एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीकडे अर्ज केला होता. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी "पाच दिवसांत कळवतो" असं सांगितलं. त्याला आता दहा दिवस झाले होते. मधल्या काळात इंदुरातल्याच एका लहान कंपनीने मला घ्यायची तयारी दाखवली, पण त्यांना सोमवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही हवं होतं. शिक्षणाच्या कर्जावर बाबांची सही आहे, त्यामुळे दोन्हीकडून हात रिकामे राहिले तर काय, या विचाराने झोप उडाली होती.

आजी शुक्रवारी रात्री म्हणाली, "फोन म्हणजे देव्हारा आहे का गं, घटकेघटकेला दर्शन घ्यायला? उद्या पहाटे महेश्वरला जाऊ."

रामबागेतून सहाला निघालो. राऊ, महू मागे पडलं आणि मानपूरचा घाट उतरताना फोनची रेंज गेली. माळवा संपून निमाड सुरू होतो तो इथेच. हवा बदलते, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं दिसू लागतात. धामनोदला चहा घेतला. तिथे रेंज आली, पण मेल आली नव्हती.

अहिल्याबाईंनी 1767 मध्ये राज्याचा कारभार हाती घेतला आणि 1795 मध्ये त्या गेल्या, तोवर महेश्वर हीच होळकरांची राजधानी होती. किल्ल्यातल्या वाड्यात रोज सकाळी लिंगार्चन होतं. ब्राह्मण ओळीने बसून काळ्या मातीची इवलीइवली शिवलिंगं लाकडी पाटांवर मांडतात, पूजा होते आणि मग ती सगळी नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेली ही रीत मी पूर्वीही पाहिली होती, पण शेवटपर्यंत बसून पहिल्यांदाच. तासभर राबून मांडलेले पाट उचलून मंडळी घाटाकडे गेली, तेव्हा आजीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मान फिरवली. त्या वेळी मला कुठलाही उपदेश नको होता.

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. शेवटच्या फेरीत मला एक प्रश्न सोडवायला दिला होता. हातमागाच्या साड्या विकणाऱ्या एका संस्थेचा नफा घटतो आहे, तुम्ही काय सल्ला द्याल? मी पाठ केल्याप्रमाणे उत्पन्न एकीकडे, खर्च दुसरीकडे मांडला. मग ऐटीत म्हणाले, "जो रंग खपतो, त्याच रंगाचे काठ लगेच विणायला घ्यावेत." मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "बदलायला किती वेळ लागेल?" मी म्हणाले, "एखादा दिवस." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. गेले दहा दिवस मला त्यांचं ते लिहिणंच दिसत होतं.

किल्ल्याजवळ माग चालू होते. एका मागावर आजीच्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना मी तोच प्रश्न विचारला. त्या निमाडी वळणाच्या हिंदीत बोलल्या, त्याचा मतलब असा: काठाचा रंग उभ्या धाग्यांत, म्हणजे ताण्यातच ठरलेला असतो. एका ताण्यावर एकामागून एक कितीतरी साड्या निघतात. आडवा रंग बदलता येतो, पदर बदलता येतो, पण ताणा संपेपर्यंत काठ तोच. मग नव्या ताण्याचे हजारो धागे जुन्या टोकांना एकेक करून जोडायचे. त्यांनी दोन बोटांत दोन धागे धरून पीळ देऊन दाखवला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच जोड झालासुद्धा. "अब ऐसे गिनती जा," त्या हसून म्हणाल्या.

मीही हसले. उत्तर चुकलं होतं हे आता पक्कं कळलं, आणि गंमत म्हणजे त्याने हलकंच वाटलं. इतके दिवस नुसती भीती होती, आता निदान चूक कुठे झाली ते माहीत होतं. माग इतका जवळ, पण कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुपारी घाटाच्या पायरीवर बसून आजीने डबा उघडला. समोर पात्राच्या मधोमध बाणेश्वराचं देऊळ. आजी म्हणाली, "त्यांना सरळ विचारत का नाहीस? तुझं अडलंय ते त्यांना काय माहीत?"

"आपण फार गरजू आहोत असं दिसतं गं."

"गरज आहेच ना? मग दिसू दे की."

तिथेच चार ओळी लिहिल्या. मुलाखतीबद्दल आभार, दुसरीकडे सोमवारपर्यंत कळवायचं आहे, तोवर तुमचा निर्णय समजू शकेल का. सोमवारी सकाळी सभ्य उत्तर आलं: निर्णय झालेला नाही, आणखी एक आठवडा लागेल.

मी संध्याकाळी लहान कंपनीला हो म्हणाले आणि मोठीला माझा अर्ज मागे घेत असल्याचं कळवलं. त्यांनी मला घेतलं असतं का, हे आता कधीच कळणार नाही. कधीकधी रात्री चुटपुट लागते. बाबा मात्र त्या दिवशी पोहे-जिलबी घेऊन आले.

मे महिन्यात कामावर रुजू व्हायचं आहे. त्याआधी एकदा महेश्वरला जाणार आहे, त्या बाईंचा ताणा कुठवर आला ते बघायला. तुम्हीही जाल तेव्हा सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे लिंगार्चन चुकणार नाही. आणि नुसत्या साड्या घेऊन परतू नका. मागापाशी जरा बसा, दोन प्रश्न विचारा.